काच नव्हे, हाड

"बाई, काखेत हात घालून उचलू नका. एक हात मांड्यांखाली घ्या, दुसरा पाठीमागून खांद्यांखाली, आणि बोटं पसरून ठेवा. एकाच जागी दाब यायला नको."

सात वर्षांच्या मुलीने मला दिलेला हा पहिला धडा. 2022 च्या जून महिन्यात, शाळा सुरू झाली त्या दिवशी, दुसरीच्या वर्गाच्या दारात तिची आई तिला उचलून घेऊन उभी होती आणि मी नेहमीच्या सवयीने हात पुढे केले होते. एकवीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो मुलांना असे उचलून बाकावर बसवले आहे. पण उचलायचे कसे, हे त्या मुलांपैकी कोणी कधी मला सांगितले नव्हते. तिने ते पाढा म्हणावा तसे, न अडखळता सांगितले. तिचे खरे नाव तिच्या आईच्या इच्छेनुसार मी येथे देत नाही. मी तिला मनू म्हणते.

मनूला ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा हा दुर्मीळ आजार जन्मापासून आहे. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. आपल्या हाडांत कॅल्शियम असते, हे आपण सगळे जाणतो. पण ते कॅल्शियम ज्याच्या आधाराने बसते, ते कोलॅजन नावाचे प्रथिन असते आणि हाडाला थोडी लवचिकता देण्याचे काम तेच करते. तीन पदर एकमेकांवर पिळून दोर वळावा, तशी कोलॅजनची रचना असते. या पदरांत दर तिसऱ्या जागी ग्लायसिन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल यावे लागते, कारण दोराच्या मधल्या अरुंद जागेत दुसरे काही मावत नाही. जनुकातल्या एका अक्षराच्या चुकीने त्या जागी मोठे आम्ल येऊन बसले, तर पीळ नीट बसत नाही आणि अशा दोरावर उभे राहिलेले हाड साध्या धक्क्यानेही मोडते. डोळ्याच्या पांढऱ्या भागातही हेच कोलॅजन असते. ते पातळ राहिल्यामुळे आतला थर बाहेरून जाणवतो आणि डोळ्यांना निळसर झाक येते. मनूच्या डोळ्यांत ती आहे. पहिल्या दिवशी मला ती केवळ सुंदर वाटली होती.

हे सगळे मी नंतर वाचून शिकले. त्या जूनमध्ये मला एवढेच कळले होते की ही मुलगी सांभाळायची आहे, आणि तेवढ्या अर्धवट माहितीवर मी तिला तीन महिने सांभाळले. भिंतीच्या कोपऱ्यातला बाक तिच्यासाठी राखून ठेवला, म्हणजे येता-जाता कोणाचा धक्का लागणार नाही. मधल्या सुट्टीत तिला वर्गातच बसवले. तिच्या शेजारी वर्गातली सर्वांत शांत मुलगी दिली आणि बाकीच्यांना तिच्या बाकापासून दूर राहायला बजावले. कवायतीच्या तासाला ती खिडकीतून मैदानाकडे पाहत बसायची. तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपणे असे आपण म्हणतो; मी तिला तसेच जपत होते आणि त्याचा मला मनातून अभिमानही होता.

सप्टेंबरमध्ये कधीतरी, मुले बाहेर गेलेली असताना मी वह्या तपासत होते आणि ती कोपऱ्यातून म्हणाली, "बाई, मी काच नाहीये."

मी विचारले, असे कोण म्हणाले? तिने सांगितले की गावात सगळेच म्हणतात, काचेची पोर. मग थोडा वेळ थांबून ती म्हणाली, "काच तुटली की जुळत नाही. माझं हाड जुळतं. दर वेळी जुळतं."

हे वाक्य मी त्या दिवशी हाताखाली असलेल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. आज ते परत वाचताना जाणवते की त्यात धीर देण्याचा किंवा मोठेपणाचा सूर अजिबात नव्हता. वर्गात कोणी सात साते अठ्ठेचाळीस म्हटले तर ती जशी हात वर करून चूक दुरुस्त करायची, तशीच ती माझी चूक दुरुस्त करत होती.

त्यानंतर मी तिच्या आईला घरी जाऊन भेटले, आणि जे आधीच विचारायला हवे होते ते विचारले. मनू अकरा दिवसांची असताना अंघोळ घालताना तिची मांडी मोडली होती. पुढच्या वर्षभरात आणखी चार वेळा काही ना काही मोडले. गावात कुजबुज सुरू झाली की आई मुलीला आपटते. नात्यातल्या वडीलधाऱ्या बायकांनी आणखी एक कारण शोधून काढले: गरोदरपणात ग्रहण लागले असताना तिने विळीवर भाजी चिरली होती. तीन वर्षे त्या माउलीने हे मनात ठेवले. शेवटी मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितले की, आई-वडील दोघेही पूर्ण निरोगी असताना हा जनुकातला बदल बाळात नव्याने घडू शकतो, पुष्कळदा तसाच घडतो, आणि त्यात आईने काही केल्याचा वा न केल्याचा संबंध नसतो. "त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी पोटभर रडले, बाई," असे मनूची आई म्हणाली. निदानाचा कागद एखाद्या आईला दोषमुक्त करणारा निकालही असतो, हे मला तोपर्यंत कधी सुचले नव्हते.

आधी एका शाळेने तिला प्रवेश नाकारला होता. काही झाले तर जबाबदारी कोण घेणार, असा त्यांचा प्रश्न होता. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सांगतो की चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मनूचे प्रमाणपत्र तिच्या आईच्या पिशवीत होते. ते कोणी पाहायलाच मागितले नाही. मला त्या शाळेचा राग येतो, पण आपल्या कोपऱ्यातल्या बाकाची आठवण झाली की तो राग पुरता टिकत नाही, कारण त्यांनी तिला दाराबाहेर ठेवले आणि मी दाराच्या आत घेऊन भिंतीपाशी ठेवले.

माझी खरी चूक मला तिच्या फिजिओथेरपिस्टने दाखवून दिली. हाड ही जिवंत गोष्ट आहे, असे त्यांनी मला समजावले. त्यावर भार पडला, स्नायूंनी त्याला ओढले, तरच ते घट्ट होते. नुसते पडून राहिले तर निरोगी माणसाचे हाडही पातळ होते. मनूसारख्या मुलांच्या बाबतीत यातून एक दुष्टचक्र तयार होते. हाड मोडते, प्लास्टर लागते, प्लास्टरमध्ये हाड आणि स्नायू दोन्ही आणखी क्षीण होतात आणि प्लास्टर निघाल्यावर जवळपासच पुन्हा मोडते. म्हणून तिचे डॉक्टर प्लास्टर शक्य तितके कमी दिवस ठेवतात, आणि म्हणूनच तिने हलले पाहिजे, पाण्यात पोहले पाहिजे, आधार घेऊन उभे राहिले पाहिजे. मी तिला तीन महिने जे हलू दिले नव्हते, ते तिच्या जिवाला जपण्यासाठी. आणि तिच्या हाडांना नेमके तेच नको होते.

दुसऱ्या दिवशी बाक बदलला. तो कोणता असावा हे तिनेच ठरवले: दुसऱ्या रांगेत, मधल्या वाटेच्या कडेला. मग ती वर्गासमोर व्हीलचेअरवर बसली आणि चौतीस मुलांना तिने सांगितले की माझा हात ओढायचा नाही, खुर्ची मागून अचानक ढकलायची नाही, मला टाळी द्यायची असेल तर तुमचा हात स्थिर ठेवा, टाळी मी देईन. पायात काय आहे, असे एकाने विचारल्यावर ती म्हणाली, "एरियल." तिच्या दोन्ही मांड्यांच्या हाडांत शस्त्रक्रियेने धातूच्या सळया बसवलेल्या आहेत. एकात एक सरकणाऱ्या दोन भागांची अशी सळई हाडाच्या दोन्ही टोकांना अडकवलेली असते आणि मूल वाढेल तशी ती आपोआप लांब होते. आजोबांच्या जुन्या रेडिओची एरियल ओढली की जशी लांब होते तशी, हे स्पष्टीकरण तिचे स्वतःचे. वर्गातल्या मुलांना त्या दिवसापासून तिची दया वाटली नाही. हेवा मात्र बऱ्याच जणांना वाटला.

मी तिला धीरोदात्त वगैरे ठरवू इच्छित नाही. तिसरीत असताना, डिसेंबरमधल्या एका सकाळी, बाकावर ठेवलेले दप्तर पुढे ओढताना तिचा उजवा दंड मोडला. आवाज आला नाही, निदान मला तरी आला नाही. ती एवढेच म्हणाली, "बाई, मोडलं." तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि दात घट्ट आवळलेले होते. मी धावले, तिला उचलायला वाकले, आणि तिने डाव्या हाताचा पंजा माझ्यासमोर धरला. थांबा. आधी हात बांधायचा, मग हलवायचे. हजेरीपटाचा जाड पुठ्ठा माझ्या टेबलावर होता. तो तिने डोळ्यांनी दाखवला. शेजारच्या मुलीची ओढणी घेतली, पुठ्ठा दंडाच्या बाहेरच्या बाजूने लावला, आणि तिने सांगितले तसे दंड छातीशी टेकवून ओढणी अंगाभोवती गुंडाळली. माझे हात थरथरत होते. "घट्ट नको, नुसतं हलणार नाही इतकं," ती म्हणाली, आणि शेवटची गाठ बसली तेव्हा मोठ्याने रडू लागली. सगळी कामे पुरी होईपर्यंत तिने ते रडणे धरून ठेवले होते.

नंतर मी घरी तिला बघायला गेले, तेव्हा ती माझ्याशी बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आईशीही ती आठवडाभर नीट बोलत नव्हती. चित्रकलेची परीक्षा चार दिवसांवर होती आणि मोडला होता तो उजवा हात. रागावण्याचा तिला पूर्ण हक्क होता, आणि तो राग घालवण्यासाठी मी तेव्हा समजुतीचे काही बोलले नाही, याचे मला आजही समाधान आहे. मी खडूंची पेटी तिच्या उशाशी ठेवून आले. पंधरा दिवसांनी तिने डाव्या हाताने काढलेले एक चित्र भावाबरोबर शाळेत पाठवले. बैल होता, बहुधा. खाली लिहिले होते: डावा हात, इयत्ता पहिली.

औषधाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण दुर्मीळ आजार म्हटले की आता लोकांना सोळा कोटींचे इंजेक्शनच आठवते. 2021 साली त्या इंजेक्शनच्या बातम्या टीव्हीवर रोज येत होत्या, तेव्हा मनूच्या वडिलांना वाटले होते की आपल्यालाही कधीतरी तेवढे पैसे उभे करावे लागणार. तिचे औषध तसे नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड हे बिस्फॉस्फोनेट गटातले औषध दर सहा महिन्यांनी सलाईनमधून दिले जाते आणि ते तुलनेने खूपच स्वस्त आहे. या गटातल्या औषधांचा अशा मुलांना उपयोग होतो, हे कॅनडातल्या मॉन्ट्रिअल येथील डॉक्टरांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून जगापुढे आले. शरीरात जुने हाड झिजवणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या पेशींचे काम सतत चालू असते; हे औषध झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. कोलॅजनमधली मूळ चूक त्याने दुरुस्त होत नाही, पण हाडाची घनता वाढते आणि पाठीचे मणके दबण्याचे प्रमाण कमी होते. मार्च 2021 मध्ये जाहीर झालेल्या दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणात या आजारावरच्या या उपचाराचा समावेश आहे, आणि त्या धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांत मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. तरीही तालुक्याच्या गावातून मोठ्या शहरात जायचे, दोन दिवसांची मजुरी बुडवायची, आणि एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला मुलीला मांडीवर उचलून धरायचे, हा खर्च कोणत्याही धोरणात मोजलेला नसतो.

या उपचाराने तिच्या हाडांत उमटवलेली एक गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली आहे. चौथीत असताना तिच्या आईने नव्या एक्स-रेची फिल्म शाळेत आणली होती. मनूने ती खिडकीच्या उजेडात धरायला लावली आणि पेन्सिलीचे टोक गुडघ्याजवळ नेले. तिथे हाडात एकाखाली एक, बारीक पांढऱ्या आडव्या रेघा होत्या. रांगोळीची चिमूट सोडत सरळ ओढाव्यात तशा. औषधाचा एक डोस मिळाला की त्या वेळी वाढत असलेल्या हाडाच्या टोकाशी एक दाट रेघ उमटते, मग हाड पुढे वाढते, पुढच्या डोसला दुसरी रेघ उमटते. डॉक्टर त्यांना झेब्र्याचे पट्टे म्हणतात. मनूने पेन्सिलीने मोजून दाखवल्या: नऊ. दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेमध्ये मात्र बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त अंतर होते. मी कारण विचारले.

"तेव्हा कोरोना होता ना. एसटी बंद होती."

2020 चे ते वर्ष आपण सर्वांनी आपापल्या परीने लक्षात ठेवले आहे. एका मुलीच्या गुडघ्याजवळच्या हाडात ते रिकाम्या जागेच्या रूपाने नोंदलेले आहे आणि ती ते पेन्सिलीने वाचू शकते, हे पाहताना मी बराच वेळ काही बोलू शकले नाही. आपल्या शरीराविषयी इतके नेमके ज्ञान माझ्याकडे नाही. पन्नाशीनंतर माझे गुडघे दुखू लागले तेव्हा मी दोन वर्षे डॉक्टरांकडे जाणेच टाळले होते. काय निघेल या भीतीने. मनूचा तो एक्स-रे पाहिल्यानंतरच्या आठवड्यात मी तपासणी करून घेतली.

लोक तिला प्रेरणादायी म्हणतात, आणि मीही म्हणते. पण या शब्दाने तिच्यावर एकदा जे ओझे टाकले, ते मी पाहिले आहे. गावातल्या एका कार्यक्रमात तिचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार, सगळे झाले. आजवर तिची किती हाडे मोडली याचा आकडा निवेदकाने दोनदा सांगितला आणि पाहुण्यांनी भाषणात तिला काचेची बाहुली म्हटले. समोर बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. तिला मात्र कोणी काही बोलायला सांगितले नाही. परत येताना रिक्षात तिने मला विचारले, "माझी किती हाडं जुळली, ते का नाही सांगितलं? आकडा तर तोच आहे." मला वाटते, तिच्याकडून प्रेरणा घ्यायची असेल तर प्रथम तिला माइक द्यावा लागेल, आणि ती जे सांगेल ते हुंदके न देता ऐकावे लागेल. उम्मूल खेर यांनाही हाच हाडांचा आजार आहे आणि त्या 2016 ची केंद्रीय लोकसेवा परीक्षा पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या, हे मी मनूला सांगितले तेव्हा तिने विचारलेला प्रश्न मला फार आवडला होता: "त्या पेपर लिहायला बसल्या ती खुर्ची कशी होती?" मला उत्तर देता आले नाही. तिला ते खरोखर हवे होते, कारण तिच्या दृष्टीने परीक्षेची तयारी तिथूनच सुरू होते.

आमची शाळा चौथीपर्यंतच आहे. गेल्या जूनमध्ये ती हायस्कूलला पाचवीत गेली. पहिल्या दिवशी तिच्या आईसोबत मीही गेले. मुख्याध्यापकांना आधी भेटून सगळे समजावून सांगावे, असा माझा विचार होता. सोबत दोन पानी टिपणही लिहून नेले होते. वर्ग तळमजल्यावर देण्याचे त्यांनी आधीच मान्य केले होते, पण व्हरांड्याला तीन पायऱ्या होत्या आणि रॅम्पचे सिमेंट अजून ओले होते. पायऱ्यांपाशी व्हीलचेअर थांबली. खेळाचे शिक्षक, उंच, तरुण, उत्साही, लगबगीने पुढे आले आणि दोन्ही हात तिच्या काखेकडे नेत वाकले. माझ्या तोंडून शब्द निघणार होता. तिच्या आईने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सर, काखेत हात घालू नका," मनू म्हणाली. "एक हात मांड्यांखाली घ्या."

ते थांबले. त्यांनी हात मागे घेतला, पुन्हा वाकले आणि तिने सांगितले तसा एक हात खाली नेला.

"दुसरा पाठीमागून. खांद्यांखाली. हां. आता बोटं पसरा." तिने मान वळवून त्यांच्या हाताकडे पाहिले. "अजून पसरा, सर."